जाहिरातीतली म्हातारी

डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात सौदीत करता येत नाही. पण धाहरानच्या घरात बसून मी लॅपटॉपवर अमेरिकन बातम्या बघतो आणि त्यांच्या मधेमधे ती म्हातारी येते. अंगणात बसलेली, नजर हरवलेली. मग औषधाचं नाव, मग निळंभोर आकाश, आणि म्हातारी नातीला नावाने हाक मारते.

माझी आई नाशिकला ताईकडे असते. तिला विस्मरणाचा आजार आहे. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी व्हिडिओ कॉल लावतो आणि मूर्खासारखा विचारतो, "आई, मी कोण?" ती हसते. कधी मला तिचा भाऊ ठरवते, कधी बँकेतला साहेब.

त्या जाहिरातीने माझ्या डोक्याला भुंगा लावला. कंपनीच्या बसमध्ये, मीटिंगआधी, जेवताना, मी ती पुन्हापुन्हा लावायचो. शेवटी एक आवाज भराभर धोके वाचून दाखवतो, मेंदूत रक्तस्राव वगैरे, तेव्हा पडद्यावर म्हातारी कुत्र्याला गोंजारत असते. मी कुत्र्याकडे बघायचो.

"अहो, ती नटी आहे," बायको वैतागून म्हणाली. "तिला कुठे काय विसरायला झालंय?" तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

ऑफिसातला अमेरिकन सहकारी म्हणाला, त्यांच्याकडे लोक जाहिरात बघून सरळ डॉक्टरकडे ते औषध मागतात. मग मीही दवाखाना गाठला. डॉक्टर हैदराबादचे. मोबाइलवरचे आईचे रिपोर्ट त्यांनी शांतपणे वाचले.

"ये दवा शुरुआती बीमारी के लिए है. माताजी उससे आगे निकल गई हैं."

"सर, ट्राय तो कर सकते हैं? कोई इंडिया जाने वाला हो, तो उसके साथ भेज दूँगा."

"गोली नहीं है भाई. ड्रिप से देते हैं, और बार-बार स्कॅन."

तरी मला चैन पडेना. बाहेर येऊन गाडीतूनच ताईला फोन लावला. पुन्हा एकदा स्कॅन करू, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, सगळा खर्च माझा, असं एका दमात बोलून गेलो.

"मागच्या वेळी त्या मशीनमध्ये ती किंचाळत होती," ताई म्हणाली. "तू नव्हतास." मग आवाज खाली आणत ती म्हणाली, "अरे, ती मजेत आहे. मटार सोलते, गुणगुणते, पोटभर जेवते. तुझं नाव आठवत नाही याचा तिला काही त्रास नाही. औषध नक्की कुणाला हवंय?"

मला रडू आलं. ताईने फोन आईच्या हातात दिला. मी कोण, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तो गिळून मी विचारलं, "आई, जेवलीस का?"

"हो, मगाशीच," आई म्हणाली आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाची करावी तशी चौकशी केली, "तुम्ही जेवलात का?"