नवं इंजिन, जुना कूलर

गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेल्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून दुखणं सांगायचं, ही त्यांची पद्धत. "माणसाचं दुखणं मात्र ओरडून सांगितलं तरी ह्यांना ऐकू जात नाही," असं बायको म्हणायची. ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची.

सुट्टी लागली आणि व्हॅनच्या इंजिनाने दगा दिला. आतलं बेअरिंग फुटलं, त्याचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरला. डॉक्टरांनी इंजिन उतरवून पार सुटं केलं. बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा दांडा घासून आणला, बेअरिंग, ऑइल पंप, फिल्टर, सगळं नवं घातलं. राहिला ऑइल कूलर. रेडिएटरच्या पुढे बसणारी, तापलेलं तेल थंड करणारी चपट्या नळ्यांची चौकट. ती त्यांनी डिझेलने धुतली, हवा मारली, पुन्हा धुतली. शेवटी निघालेलं डिझेल काचेच्या ग्लासात धरून बायकोला दाखवलं.

"बघ, प्यावंसं वाटेल इतकं स्वच्छ."

"तुम्हीच प्या," ती म्हणाली आणि सीटची धुतलेली कव्हरं चढवायला गेली.

शेडमध्ये इंजिन लगेच सुरू झालं. डॉक्टरांनी कान लावला आणि खूश होऊन मान हलवली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघं चाचणीला निघाले. ती चालवत होती, ते शेजारी. गावाबाहेरचा चढ अर्धा झाला आणि स्टिअरिंगमागे लाल दिवा लागला.

"अहो, हा तेलाचा दिवा..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. खालून घण घातल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. चाकं करकरली. तिने क्लच दाबला तशी व्हॅन मागे घरंगळू लागली. ब्रेकवर पाय दिला, तर इंजिन बंद पडल्याने पेडल दगडासारखं. तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागचं चाक गटाराच्या काठावर येऊन थांबलं.

डॉक्टर उतरले. मागच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं. रिकाम्या सीट, स्वच्छ कव्हरं. ते तिथेच रस्त्यावर बसले.

"काहीतरी बोला ना. हवं तर शिव्या द्या."

"उद्या यात पोरं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"उद्या नाही झालं. आज झालं. उठा."

व्हॅन ओढून शेडमध्ये आणली. डॉक्टर व्हॅनकडे बघेनात. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती, समोरच्या चहावर साय धरत होती. बायकोने भावाची गाडी मागून आणली आणि मुलांच्या फेऱ्या चालू ठेवल्या. एका दुपारी परतल्यावर ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सगळं नवं घातलंत ना?"

"सगळं."

"सगळं म्हणजे अगदी सगळं?"

"कूलर सोडून. तो मी धुतला होता. ग्लास दाखवला होता की तुला."

तिने ग्राइंडर आणून पुढ्यात ठेवला. "तो काढा आणि कापा."

ठिणग्या उडाल्या. चौकट दुभंगली आणि डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. नळ्यांच्या आत पत्र्याच्या बारीक चुण्या होत्या, आणि एकेका चुणीत चकाकता काळा चुरा ठासून बसला होता. कागदावर आपटला तर पडतच राहिला. शेडमध्ये तेल गार होतं, म्हणून कूलरची वाट बंद होती. चढावर तेल तापलं, वाट उघडली, हा सगळा चुरा सुटला. नवा फिल्टर तुंबला आणि घाण तेल त्याला वळसा घालून तसंच नव्या बेअरिंगमध्ये शिरलं.

"मी ऐकलं होतं गं," डॉक्टर पुटपुटले. "कान लावून ऐकलं होतं."

"कूलर कुठे बोलतो?" ती हळूच म्हणाली.

डॉक्टर नवा कूलर घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "जुना धुवून चालतो की. सगळे धुतात."

"सगळ्यांना सांग, धुऊ नका," डॉक्टर इतक्या जोरात म्हणाले की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

इंजिन पुन्हा उघडलं. या वेळी नवा कूलर, त्याच्या नळ्या, वाट उघडणारी झडपसुद्धा नवी. बसवेपर्यंत कूलरच्या दोन्ही तोंडांची बुचं त्यांनी काढली नाहीत. नंतर एकट्यानेच चढावर खेपा घातल्या, बायकोला बसू दिलं नाही. परत येऊन फिल्टर कापून पाहिला. आत नुसतं तेल होतं. तरी त्यांचा चेहरा सैल झाला नाही. इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवायला हात पुढे जायचा आणि मागे यायचा.

मुलं पुन्हा आपल्या व्हॅनमध्ये बसली त्या सकाळी डॉक्टर स्कूटरवरून थेट शाळेच्या फाटकापर्यंत मागोमाग गेले. मुलं उतरल्यावर बायको खिडकीतून म्हणाली, "पोरं विचारत होती, मागून येणारे ते काका कोण?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, डॉक्टर आहेत. तर एकजण म्हणतो, कोण आजारी आहे?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वाकून व्हॅनच्या खाली तेल गळतंय का ते पाहिलं.

"उद्याही येणार," ते म्हणाले.

"या," ती म्हणाली आणि तिने गाडी वळवली.