नागनाथभाऊंची पट्टी

मी अनुसया. कडोदऱ्याच्या लूम बनवायच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमच्याकडे पार्टांना कधी नंबर नव्हते. ज्यानं पार्ट सुधारला, त्याचं नाव त्या पार्टाला. सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याची पेटी धरणारी पट्टी सारखी तुटायची. फिटर नागनाथभाऊंनी ती दोन जागी वाकवली, तुटणं थांबलं, आणि पट्टीचं नाव पडलं नागनाथ. पुढे त्यांचीच मुलगी प्रज्ञा इथं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला लागली. तिनंही पट्टीला तेच नाव दिलं. भाऊ मिशीतल्या मिशीत हसले होते.

भाऊ गेले, छातीत कळ येऊन. जलदान विधी उरकला आणि दुसऱ्या दिवशी पोरगी नवागामहून रिक्षानं कामावर हजर. रडणं नाही, बोलणं नाही. डबा उघडायची, दोन घास खायची, झाकण लावायची. 'बाबा' हा शब्दच तोंडून निघेना. मला तर रागच यायचा. किती वेळा म्हटलं, अगं बाई, एकदा मोकळी हो, नाहीतर अंथरूण धरशील. ती म्हणायची, काम आहे मावशी.

त्यात भाईदासशेठनं फर्मान काढलं. नव्या ग्राहकाला म्हणे नावं चालत नाहीत, सगळ्या पार्टांना नंबर द्या. शेठ वाईट नाही हो, पण वेळकाळ म्हणून कळत नाही मेल्याला. नंबर टाकायचे कोणी? प्रज्ञानंच.

नाव बदलायची एक रीत असते. पार्टाचं ड्रॉइंग उघडून आतून बदलायचं, म्हणजे अख्ख्या लूमच्या ड्रॉइंगला नवं नाव कळतं. नुसतं वरवर फाइलचं नाव बदललं, तर लूम जुन्याच नावानं शोधत बसतं. ही रीत प्रज्ञानंच सगळ्यांना शिकवलेली. बाकीचे पार्ट तिनं नीट केले. ही एक पट्टी तिच्यानं उघडवेना. वरूनच नंबर टाकला आणि पुढे गेली.

दुपारी ग्राहक येऊन बसला. मी नमुन्याचे पार्ट घेऊन उभी. शेठनं प्रज्ञाला लूमचं ड्रॉइंग उघडायला सांगितलं, तर स्क्रीनवर पाटी आली: नागनाथ सापडत नाही, तुम्ही शोधणार का?

शेठचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "बेटा, नवी फाइल दाखव, बसेल जागेवर."

ती पाटीकडे बघत राहिली. मग तिनं 'नाही' दाबलं. लूम उघडलं. पट्टीची जागा मोकळी, धोट्याची पेटी अधांतरी.

"नाही सापडायचे, शेठ," भाजीचा भाव सांगावा तशी ती म्हणाली. "बाबांना मीच अग्नी दिला."

तिनं नवी फाइल दाखवली, पट्टी बसली, नंबर आला. सेव्ह करून ती उठली, स्टोअरमध्ये आली, माझ्या स्टुलावर बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. मी आतून कडी घातली.