ठिपक्याची जागा

ला सेरेनाच्या बाजारात पाकातली पपई विकणाऱ्या बाईची ही मुलगी, नोएमी बारासा. आयुष्यभर तिने एकच काम केलं, ठिपक्यांची जागा मोजायचं. डोंगरावरची दुर्बीण ताऱ्याचं चित्र काढते, ताऱ्याचं तेज काळ्या चकतीने झाकलेलं असतं, आणि कडेला कधीतरी एक मिणमिणता ठिपका दिसतो. तो त्या ताऱ्याचा ग्रह आहे की मागे लांबवर असलेला भलताच तारा, हे एका चित्रावरून कुणाच्या बापालाही सांगता येत नाही. म्हणून थांबायचं आणि पुन्हा चित्र काढायचं. तोवर तारा आभाळात जरासा सरकलेला असतो. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तर घरचा, मागे राहिला तर परका. फरक केसाएवढा. त्यासाठी चित्रात उत्तर दिशा नेमकी कुठे आहे हे पक्कं ठाऊक लागतं. ती जरा कलली की परकाही घरचा वाटायला लागतो.

"काय गं, तुझ्या त्या ग्रहांवर नवरे मिळतात का?" बाजारातली कोळीण विचारायची.

"मिळतात की. पण इथे पोचेपर्यंत म्हातारे होतात," नोएमी मासे पिशवीत टाकत म्हणायची.

हे काम तिला शिकवलं एलिओदोरो पास्तेन यांनी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस तापट, हेकट. कुणी मोजलेलं जरा इकडचं तिकडे केलं की चारचौघांत सोलून काढायचे. जन्मभर दुसऱ्यांचे ग्रह मोजले आणि उतारवयात त्यांना स्वतःचा एक सापडला. दोन चित्रांत ठिपका ताऱ्याबरोबर चाललेला दिसला. वर्तमानपत्रात फोटो आला, गावच्या शाळेने भिंतीवर तो ठिपका रंगवला. आणि मग मास्तरांच्या फुप्फुसात गाठ निघाली. हिवाळा काही निघायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

अशात तिसरं चित्र आलं. नोएमीने मोजलं, तर ठिपका मागे पडलेला. तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा मोजलं, तेच. मग तिने जुनं सगळं उकरलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मध्ये मोठा भूकंप झाला होता. कॅमेरा उतरवून पुन्हा बसवला होता. अशा वेळी ओळखीच्या तारकागुच्छाचं चित्र काढून उत्तर दिशा नव्याने ठरवायची, हा तिथला नियमच. गुच्छाचं चित्र काढलंही होतं, पण ते कुणी मोजलंच नव्हतं. मास्तरांनी जुनीच उत्तर वापरली होती. "हा कॅमेरा मी माझ्या हाताने बसवलाय, कुठे जात नाही त्याची उत्तर!" असं ते तेव्हा गरजले होते, आणि नोएमीसकट सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कॅमेरा जरासा कललेला होता. तेवढ्यानेच ग्रह जन्माला आला होता.

दुपारी ती त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने, इल्दाने उघडलं.

"बरं झालं आलीस, पोरी. आज दोन घास खाल्लेत त्यांनी. काहीतरी चांगलं सांग हं त्यांना."

मास्तर उशांना टेकून बसले होते. गळ्याची हाडं वर आलेली.

"चित्र आलं?"

"आलं, मास्तर."

"मग? आहे ना बरोबर?"

'आहे' म्हणायला काय लागत होतं? हिवाळ्यापुरता एक शब्द. पण मोजलेलं लपवणाऱ्याला याच माणसाने खोलीबाहेर काढलेलं तिने पाहिलं होतं, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"नाही. मागे राहिलाय. भूकंपानंतर उत्तर बदलली होती, मास्तर."

त्यांनी लॅपटॉप मागितला. तारकागुच्छ स्वतः मोजला. चहा गार झाला.

"बरोबर मोजलंयस," ते म्हणाले. "जा आता."

पुढे ती दोनदा गेली. दोन्ही वेळा इल्दाने दारातूनच सांगितलं की ते झोपलेत. ते झोपलेले नव्हते, खोकला बाहेर ऐकू येत होता. नोएमी घरी जाऊन ढसाढसा रडली. हिवाळा अर्धाही सरला नव्हता, तोच मास्तर गेले.

चुकीची जाहीर दुरुस्ती तिने लिहून ठेवली होती, पण ती अजून छापून यायची होती. गावाला काहीच ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या अंत्यविधीला देवळात पाद्री म्हणाले, "आपल्या एलिओदोरोने नवं जग शोधलं. ते आभाळात कायम राहणार आहे. खरं ना, सेन्योरिता बारासा?"

सगळं देऊळ वळून तिच्याकडे बघू लागलं. शाळेची मुलं, म्हाताऱ्या बहिणी. नोएमीने मान हलवली.

"खरं आहे, फादर."

शेजारी बसलेल्या इल्दाने तिच्याकडे पाहिलंही नाही. रुमाल घडी करत ती हळूच म्हणाली,

"आलं की तुला 'आहे' म्हणता. त्यांना एवढंच तर हवं होतं."