व्यवसायाचे प्रतिनिधी

नर्सिंगची परीक्षा पास झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती सांगलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. माझे वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन साताऱ्याला स्थायिक झालेले. नोकरी चांगली आहे, डॉक्टर सज्जन आहेत, असं मी त्यांना पत्रानं कळवलं. एक गोष्ट मात्र कळवली नाही. दर बुधवारी दुपारी आमच्या दवाखान्याचं मागचं दार उघडायचं आणि जवळच्या गल्लीतल्या धंदा करणाऱ्या बायका तपासणीला यायच्या. पुढच्या दारानं यायची त्यांना बंदी होती असं नाही. तिथला शिपाई त्यांना पाहिलं की न बोलता मागच्या दाराकडे बोट करायचा, इतकंच.

त्या सुमारास गावातल्या काही विचारी मंडळींनी एक समिती काढली. धंद्यातल्या बायकांचं शोषण कसं थांबवावं, हा तिचा विषय. आमच्या डॉक्टरांना त्यात घेतलं होतं. त्यांनी एका बैठकीला आपल्याऐवजी मला पाठवलं, आणि पुढे तीच पद्धत पडली. मी कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची.

समितीचे प्रमुख एक वकील होते. माणूस अभ्यासू, आणि मनापासून कळवळ्याचा. ते म्हणाले, "मागणी आहे तोवर धंदा राहणार. तो लपून चालतो म्हणूनच दलालाचं फावतं. सरकारनं परवाने द्यावेत, नियम करावेत, बाईच्या हातात कागद द्यावा. दलाल आपोआप गळून पडेल."

एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते उसळले. "मग उद्या चोरीलाही परवाना द्या!"

"चोरीत चोराचं शोषण होत नसतं, गुरुजी," वकील शांतपणे म्हणाले.

मला वकिलांचं म्हणणं पटलं. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढच्या बैठकीला त्या बायकांपैकी कुणाला बोलवावं का, असा प्रश्न निघाला. बैठका वाचनालयात व्हायच्या. त्या बायका वाचनालयाची पायरी चढल्या तर सभासद काय म्हणतील, अशी शंका गुरुजींनी काढली. त्यावर बराच खल होऊन असं ठरलं की बायकांना अवघडल्यासारखं होईल, म्हणून त्यांच्यातल्याच एका जबाबदार माणसाला बोलवावं. अशा रीतीनं मामा आले.

गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणत. पांढरी टोपी, पांढरा लेंगा, आणि बोलताना हात जोडलेले. गल्लीतली चार घरं त्यांच्या ताब्यात होती आणि त्यातल्या बायका त्यांनीच आणलेल्या होत्या, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होतं. टिपणात मी त्यांचा उल्लेख 'व्यवसायाचे प्रतिनिधी' असा करावा, असं वकिलांनी सुचवलं. वकिलांनीच आधी सध्याचा कायदा समजावून सांगितला. घर चालवणं हा गुन्हा, बायका आणणं हा गुन्हा, दलाली हा तर गुन्हाच. मामांनी प्रत्येक गुन्ह्याला मान डोलावली.

"लय वंगाळ धंदा, साहेब, दलालीचा," असं म्हणून त्यांनी चिवड्याची बशी जवळ ओढली. "तुमी नियम कराच. शिस्तच ऱ्हायली न्हाई कुटं."

मंडळी प्रभावित झाली. सरकार कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर आपल्या हातात आहे ते करू, असं ठरलं. दवाखान्यानं प्रत्येक बाईला तपासणीचं कार्ड द्यायचं. त्यावर नाव, पत्ता, दर पंधरा दिवसांनी शिक्का. बाईला स्वतःची ओळख मिळेल, आणि उद्या परवाना आलाच तर त्याची पूर्वतयारी होईल.

कार्डं छापून आली ती गुलाबी रंगाची. छापखान्यानं वेळ वाचवायला शाळेतल्या देवीच्या टोचणीचं कार्डच समोर ठेवून जुळणी केली होती. त्यामुळे नावाच्या खाली एक रकाना आला होता: 'पालकाचे नाव'. डॉक्टर म्हणाले, आता छापलीत तर वापरा. पहिल्याच बुधवारी मामा सगळ्या बायकांना घेऊन आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. पालक म्हणून ते नाव मी एकामागून एक प्रत्येक कार्डावर लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. तिशी ओलांडलेल्या, पोटी पोरं असलेल्या बायकांचे पालक! तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. रांग मोठी होती, आणि मला लवकर आटपायचं होतं.

सगळी कार्डं मामांनी रबरात बांधून खिशात घातली. "ह्यास्नी काय कळतंय, हरवत्याल," असं ते म्हणाले.

महिन्याभरानं एक बाई एकटीच आली. बुधवार नव्हता, आणि आली तीही पुढच्या दारानं. शिपाई जेवायला गेला होता. वडूजकडची होती ती. अंगानं काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली तेव्हा तिथं मुकादम म्हणून मामाच होते. नवरा मुंबईला जाऊन परत न आलेला, पदरी एक लेक. सांगलीत स्वयंपाकाचं काम आहे म्हणून मामांनी तिला आणलं होतं. हे तिनं एका दमात सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होती.

मग म्हणाली, "बाई, माजं कारड मला द्या."

"ते मामांकडे आहे ना?"

"म्हणून तर आली. आधी त्यो म्हनायचा, कुटं जाशील? आता म्हनतोय, सरकारी कागद माज्यापाशी हाय, त्येच्याबिगर गावाभाईर पाय टाकलास तर धरत्यात. खरं हाय का वो?"

तसला काही नियम नव्हता. कार्ड सरकारीसुद्धा नव्हतं. समितीनं दलाल गळून पडावा म्हणून जो कागद काढला होता, तो दलालाच्याच खिशात जाऊन बसला होता.

"खरं नाही," मी म्हणाले.

"मग दुसरं लिवून द्या."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, समितीला विचारा. वकील म्हणाले, "तत्त्वतः बाईचं बरोबर आहे. पण प्रतिनिधींना डावलून एकेकीला कार्ड दिलं तर शिस्त बिघडेल." ती पुन्हा आली तेव्हा मी तिला हाच निरोप दिला, समितीच्याच भाषेत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येला आमचा परतिनिधी कुणी केला?" तो शब्द मीच टिपणात लिहिला होता.

पुढच्या बुधवारी सगळ्या आल्या. रक्त काढायला मी पहिलं नाव पुकारलं. वडूजची ती बाई उठली, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि तिनं हात पदराखाली घेतला.

"आधी कारड हातात. मग सुई."

मामा हसले. "आवं नर्सबाई, डोस्कं फिरलंय तिचं. दुसरीला घ्या."

दुसरी उठली नाही. तिसरीही नाही. एक कानडी मुलखातली, फारसं मराठी न येणारी बाई होती. तिनंसुद्धा दोन्ही हात काखेत घेतले. मामांचा आवाज चढला. "उटा म्हनतो ना! घरी चला, मग बगतो." कुणी हललं नाही. बाहेर डॉक्टरांची चुळबुळ सुरू झाली. समितीला त्यांना अहवाल द्यायचा होता, आणि रक्ताशिवाय अहवाल होत नाही. त्यांनी दारातून डोकं घालून मला खुणावलं, "लिहा, नवीन लिहा." तत्त्वानं जे झालं नव्हतं ते अहवालानं झालं.

मी नवी कार्डं काढली. पालकाच्या रकान्याशी हात थांबला. "इथं काय लिहू?"

"मीच," ती म्हणाली.

मी 'स्वतः' असं लिहिलं. त्या दिवशी ते मी सगळ्यांच्याच कार्डांवर लिहिलं, आणि टाक झटकायच्या निमित्तानं मामांकडे पाठ केली.

इथं गोष्ट संपली असती तर वकिलांना आवडली असती. पण पुढच्या पंधरवड्यात निम्म्याहून जास्त कार्डं पुन्हा मामांच्या खिशात होती. मी एका पोरसवदा बाईला रागावले. "अगं, दिलंस कशाला?"

"ठिऊ कुटं, बाई?" ती म्हणाली. "प्येटी बी त्येचीच हाय. खोली बी त्येचीच. तापानं फनफनले तवा डाक्टर बी त्यानंच आनला व्हता."

ते मी टिपणात लिहिलं. वाचनालयात ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. वर्षअखेरीला समितीनं एक छोटा समारंभ केला आणि सहकार्याबद्दल व्यवसायाच्या प्रतिनिधींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मामांनी गहिवरून चार शब्द सांगितले.

वडूजच्या बाईनं मात्र कार्ड कुणाला दिलं नाही. दवाखान्याच्या शिक्क्याचा तो गुलाबी कागद दाखवून तिनं आधी रेशनकार्ड काढलं. नाव आणि पत्ता एवढंच त्या कारकुनानं पाहिलं असावं. त्या रेशनकार्डावर हळदीच्या वखारींमागं तिनं स्वतंत्र खोली घेतली. धंदा सोडला नाही. "सोडून खाऊ काय?" असं तिनंच मला विचारलं होतं. पण मामा त्या दाराशी गेला नाही. म्हणजे गेला होता एकदा. तिनं बादलीभर पाणी त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर ओतलं, असं सगळी गल्ली हसत सांगायची. पुढे लेकीला तिनं शिराळ्याला एका ओळखीच्या बाईकडे शाळेला ठेवलं. वकिलांनी एकदा घाटावर फिरताना मला विचारलं, "मग बाई, आपल्या प्रयोगानं दलाली कमी झाली म्हणायची का?" मी म्हणाले, "एकीची झाली, साहेब." त्यांना उत्तर फार लहान वाटलं. ते पुन्हा कायद्याबद्दल बोलू लागले.

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याला आले. दोन-तीन वर्षांनी सासूबाईंबरोबर एस.टी. स्टँडवर उभी असताना ती मला दिसली. जरा जाड झाली होती. सोबत दोन वेण्या घातलेली, उंच मुलगी. तिनंही मला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. सासूबाईंनी विचारलं, "कोण गं ती? तुझ्याकडे बघतीया." मी नर्स होते, विचारी मंडळींच्या बैठकांना बसले होते, त्या बायकांबद्दल लोकांशी वाद घातले होते. मी म्हणाले, "कुणी नाही, आई. दुसऱ्या कुणाकडे बघत असेल."

ती दूर होती, तिला ऐकू गेलं नसणार. पण तिला कळलं. मला अवघडायला नको म्हणून तिनंच मान वळवली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीचा बोर्ड वाचायला लागली.