कुटुंबप्रमुखाचा रकाना

मला राग आला की मी की-बोर्ड बडवते. सिटी सेंटरमधल्या आमच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्याने एकदा हात जोडून विचारलं होतं, मॅडम, किसी को गाली लिख रही हो क्या. त्या आठवड्यात मी खरोखर तेच करत होते. फक्त निम्म्या शिव्या मला स्वतःलाच होत्या.

मध्य प्रदेशातल्या आमच्या शहरात एका मराठी संस्थेची निवडणूक होती. संस्था म्हणजे लश्कर नावाच्या जुन्या वस्तीतलं एक सभागृह, गणपतीचे दहा दिवस, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मागच्या अंगाला वाचनालयाची एक खोली. ही खोली माझी आत्या सांभाळते. तीस वर्षं ती दाना ओली मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्यांतून निघते, सराफ्यातून चालत येते, कुलूप उघडते आणि तीन तास बसते. पुस्तकांना खाकी कव्हरं तिने घातली. कुणी पान दुमडलं की ती ओळखते कुणी दुमडलं ते. मला मराठी वाचता येतं ते तिच्यामुळे, नाहीतर आमच्या पिढीचं वाचन दुकानांच्या हिंदी पाट्यांवर संपलं असतं.

त्या खोलीची मेकअप रूम करायची, असं जुन्या कार्यकारिणीचं चाललं होतं. सभागृह लग्नांना जातं, नवऱ्या मुलीला तयार व्हायला जागा नाही, आणि पुस्तकं आता वाचतो कोण, असा त्यांचा हिशेब. निर्णय नव्या कार्यकारिणीने घ्यायचा होता. म्हणून आत्याने सत्तराव्या वर्षी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. आत बसल्याशिवाय खोली वाचत नाही, एवढं तिला कळत होतं. अर्ज भरायला एकच अट होती, मतदारयादीत नाव पाहिजे. आणि मतदारयादी मी बनवली होती.

हे काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. संस्थेची जुनी वही होती, कुटुंबागणिक एक पान. पानाच्या डोक्यावर कुटुंबप्रमुख, खाली सभासद. मी त्या वहीची दोन टेबलं केली, एक सभासदांचं आणि एक कुटुंबांचं. सभासदाच्या ओळीत त्याच्या कुटुंबाचा क्रमांक. पीएचपीच्या ज्या फ्रेमवर्कमध्ये मी रोज ऑफिसचं काम करते, त्यातच यादी काढायचा प्रोग्राम लिहिला. त्यातला क्वेरी बिल्डर, म्हणजे टेबलांकडून हवी ती माहिती मागवायचं साधन, फार लाघवी प्रकार आहे. बाणाच्या खुणेमागून बाणाची खूण लावत जायचं, हे टेबल घे, ते त्याला जॉइन कर, या क्रमाने लाव, असं लिहीत जायचं. वाक्य बोलल्यासारखी क्वेरी तयार होते. वाचून वाटतं, किती सरळ आहे.

सरळ आहेच, पण मुकाट आहे. जॉइन म्हटलं की ज्या ओळीला दोन्हीकडे जोड मिळते तेवढीच तो हातात देतो. जिला समोरच्या टेबलात कुणी नाही, ती ओळ वगळतो. चूक दाखवत नाही, लाल अक्षरात काही येत नाही. न वगळणारा लेफ्ट जॉइन वेगळा असतो, तो वेगळा मागावा लागतो. हे मला कॉलेजपासून माहीत आहे. नव्या मुलींना मीच शिकवते. आणि तरी मी नुसता जॉइन लिहिला, कारण कुटुंब नसलेला सभासद असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

यादी निघाली तेव्हा सभासदांच्या टेबलात होत्या त्यापेक्षा तिच्यात ओळी कमी होत्या. मी ते पाहिलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. मी पाहिलं, म्हटलं दुबार नोंदी असतील, आणि फाइल सचिवांना पाठवून दिली. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोललं असतं.

गुरुवारी यादी फलकावर लागली. आत्या चष्मा पुसून ती दोनदा वाचून आली आणि मला फोन केला. आवाज अगदी साधा होता. माझं नाव नाही आहे गं, बघ जरा, एवढंच बोलली.

मी बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहीत आजोबांच्या पानावर आत्याचं नाव होतं, त्यावर शाईची रेघ आणि बाजूला ‘सासरी’ असा शेरा. आत्या लग्नानंतर दोन महिन्यांत परत आली, हे सगळ्या लश्कराला माहीत आहे. का आली ते तिने कधी सांगितलं नाही आणि आमच्यात कुणी विचारलं नाही. परत आली, शाळेत नोकरी धरली, दाना ओलीत भाड्याने दोन खोल्या घेतल्या. पण रेघ काही कुणी पुसली नाही. पुढे ती स्वतःच्या नावाने आजीव सभासद झाली, म्हणून तिला सभासद क्रमांक होता. कुटुंबाचा क्रमांक नव्हता. माझ्या जॉइनने तिला बाहेर ठेवलं, कारण त्या वहीने तिला चाळीसेक वर्षांपूर्वीच बाहेर ठेवलं होतं.

मी सचिवांना फोन लावला. ते माझ्या वडिलांचे शाळासोबती, त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. त्यांना यात विशेष काही वाटलं नाही. बेटा, इसमें क्या है, आत्याबाईंना भावाच्या कुटुंबात टाकून दे, दोन मिनटाचं काम आहे, असं म्हणून ते हसले. हरकतींची आणि अर्जाची मुदत शनिवारी पाचपर्यंत होती. सुधारलेली यादी आण, मी शिक्का मारतो, म्हणाले.

आणि मी केलं तसं. आत्याच्या ओळीत माझ्या वडिलांच्या कुटुंबाचा क्रमांक टाकला आणि यादी पुन्हा काढली. नाव आलं. इतका जीव भांड्यात पडला की शुक्रवारी संध्याकाळी मी छापील पान घेऊन मिरवत दाना ओलीत गेले.

आत्याने कागद दिव्याखाली धरला. तिचं बोट तिच्या नावावरून शेजारच्या रकान्यात गेलं, कुटुंबप्रमुखाच्या. तिथे माझ्या वडिलांचं नाव होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती.

“दादा होता तेव्हा रोज म्हणायचा, चल घरी,” ती म्हणाली. “मी नाही गेली. त्याचं वाईट वाटून घेतलं, पण नाही गेली. आता तो नाही, तर तू मला त्याच्या घरात टाकून आली?”

मी म्हटलं, आत्या, यादीत यायला दुसरा मार्ग नव्हता, उद्या शेवटचा दिवस आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मला म्हणाली की मार्ग नव्हता हे तू कुणाला विचारलंस, सचिवाला विचारलंस, मला विचारायला तुला दाना ओली लांब पडली. मग तिने चहा टाकला. रागावली की ती चहात साखर घालत नाही. मी तो तसाच प्यायले.

घरी येताना मला सगळ्यांचा राग येत होता. वहीवर रेघ मारणाऱ्या त्या कुणा कारकुनाचा, दोन मिनटाचं काम म्हणणाऱ्या काकांचा, पान दाखवून शाबासकी घ्यायला गेलेल्या माझा. जिने आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली, की कुणाच्या नावाखाली राहायचं नाही, तिला मी एका ओळीत कुणाच्या तरी नावाखाली घातलं होतं. तेही गेलेल्या माणसाच्या.

शनिवारी सकाळी मी ती नोंद काढून टाकली आणि जॉइनचा लेफ्ट जॉइन केला. आत्या तरीही यादीत आली नाही. मी की-बोर्ड असा बडवला की एक बटण निघून आलं. मग दिसलं, खाली मीच अट लावली होती, कुटुंब ‘चालू’ असेल तरच घे. ज्यांना कुटुंबच जोडलेलं नाही त्यांचं कुटुंब चालू कुठून असणार. वरच्या ओळीने ज्यांना आत घेतलं, त्यांना खालच्या ओळीने पुन्हा हाकललं. ती अट जोडणीच्या आत नेली, तेव्हा कुठे सगळ्या आल्या.

सगळ्या म्हणते, कारण आत्या एकटी नव्हती. प्रमुखाचा रकाना रिकामा असलेल्या ओळींनी अर्धं पान भरलं. निवृत्त मुख्याध्यापिका, एकत्र राहणाऱ्या दोघी बहिणी, संक्रांतीला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणारी नर्स. त्यातल्या बऱ्याच मला तोंडओळखीने माहीत होत्या, आणि एकही पुरुष नव्हता. वही पुन्हा चाळली तेव्हा कारण कळलं. लग्न न केलेल्या पुरुषाचे वडील गेले की पान आपसूक त्याच्या नावाने पुढे चालत होतं. बाईच्या नावावर एक तर रेघ होती, नाही तर ती होती तिथेच पडून होती. रेघ मारायला कुणालाही सभा बोलवावी लागली नव्हती.

दुपारी चारला आत्याला घेऊन मी सचिवांकडे गेले. काकांनी पान पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रिकामा रकाना चालत नाही, म्हणाले. संस्थेच्या नियमात आहे, प्रत्येक सभासदापुढे कुटुंबप्रमुख पाहिजे. काल तर झालं होतं ना बरोबर, फिर क्यूं बदल दिया. आणि आधीच्या यादीचं म्हणशील तर ती काँप्युटरने काढली, त्यात आमचा काय दोष.

“काँप्युटरने नाही काढली,” मी म्हटलं. “मी काढली. आणि मी तुमच्या वहीवरून काढली.”

माझा आवाज चढला होता. बाहेर खुर्च्या लावणारे दोघे दारात येऊन उभे राहिले. आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद काढून काकांपुढे सरकवला. तो तिचा समग्र आयडी होता. मध्य प्रदेशात हा कागद प्रत्येक कुटुंबाकडे असतो, रेशनपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे लागतो. त्यावर कुटुंबाचा क्रमांक, मुखिया म्हणून आत्याचं नाव, आणि सदस्यसंख्येपुढे एक.

“सरकारने मोजलं,” आत्या म्हणाली. “तुम्हाला मोजायला काय झालं?”

काका कागद उलटसुलट करत राहिले. एका माणसाचं कुटुंब होतं का कुठे, असं काहीसं पुटपुटले. आत्या म्हणाली, त्याच एका माणसाने तीस वर्षं तुमचं वाचनालय उघडलं, तेव्हा कुणी विचारलं नाही किती जण आलात.

मी त्यांच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. कुटुंबांच्या टेबलात एक नवी ओळ घातली, प्रमुख म्हणून आत्या. तो क्रमांक तिच्या सभासदाच्या ओळीत टाकला. आता लेफ्ट जॉइनची गरज नव्हती, माझ्या पहिल्या साध्या जॉइननेही ती आली असती. इतकं सोपं होतं ते, आणि मला सुचलं नव्हतं. मी तिला कुणाच्या तरी घरात बसवत होते, नाहीतर घराबाहेर उभी ठेवत होते. तिचं घर आहे, हे मला कागद बघून कळलं. मला तिथे रडू आलं असतं, पण राग त्याहून मोठा होता.

रिकामा रकाना चालणार नव्हता, म्हणून साध्या जॉइननेच संस्थेच्या प्रिंटरवर पान काढलं; त्यातून बाकीच्या बायका पुन्हा गळल्या. काकांनी शिक्का मारला, आत्याचा अर्ज घेतला आणि सुटल्यासारखं करून शाईचं पॅड मिटलं. बाकीच्या बायकांचं काय, म्हणून मी विचारलं. त्यांची हरकत आली नाही ना बेटा, आता पुढच्या वेळी बघू, असं म्हणून ते उठायला लागले. पाचला दहा मिनिटं कमी होती.

आत्या मात्र उठली नव्हती. ती यादी वाचत होती, वाचनालयाचं रजिस्टर वाचते तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून. माझ्या नावापाशी तिचं बोट थांबलं. मग शेजारच्या रकान्यात गेलं.

“हे बघितलं का तू?”

नव्हतं बघितलं. आई आधी गेली, मग वडील, आणि तीन वर्षं मी सिटी सेंटरजवळच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. विजेचं बिल माझ्या नावाने येतं. पण यादीत माझ्यापुढे प्रमुख म्हणून वडिलांचंच नाव होतं. पहिल्या जॉइनमध्ये होतं, लेफ्ट जॉइनमध्ये होतं, आताच्या शिक्क्याच्या पानावरही होतं. मला दर वेळी जोड मिळत होती, मी दर वेळी यादीत येत होते, म्हणून मी माझ्या ओळीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ज्या घरात घातलं म्हणून आत्या काल माझ्यावर चिडली, तिथे मी तीन वर्षं बसले होते.

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. काका दारापर्यंत पोचले होते.

“काका,” मी म्हटलं, “बसा. ते पॅड परत उघडा. आणि त्या बाकीच्या बायकांचे फोन नंबर द्या, हरकत आत्ता येते.”