गोविंदाची गाणी ठेवायची जागा

रिठदच्या गोविंदाचा गळा असा, की लाईट जाऊन माईक बंद पडला तरी त्याची गायन पार्टी बंद पडत नसे. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, की कोणाच्या पोराचं लग्न, गोविंदा पेटीवर बसला की माणसं ताटावरची उठून यायची. गाणी तो स्वतःच रचायचा. दिवसभर वावरात डवरणी करता करता ओळ जुळवायची आणि संध्याकाळी बायकोला, भागिरथाला, म्हणून दाखवायची. तिने मान हलवली की गाणं पक्कं. कागदावर उतरवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

त्याचा पोरगा धम्मरत्न मात्र सुराच्या वाटेला कधी गेला नाही. वाशिमला कॉम्प्युटर शिकला आणि रिसोडला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला लागला. बापाचा गळा आपल्याकडे आला नाही याची खंत त्याला होतीच. म्हणून एका उन्हाळ्यात त्याने पंखा बंद करून, अंगणातल्या कोंबड्या हाकलून बापाची सगळी गाणी आपल्या मोबाईलमध्ये भरून घेतली. मोबाईलवर गाण्यांची नावं दिसतील, नावावर बोट ठेवलं की बापाचा आवाज येईल, असं वेबसाइटचं एक पान तयार करायचं त्याने ठरवलं.

पान तयार झालं दोन-चार दिवसांत. पंचाईत पुढेच होती. पान म्हणजे नुसती दुकानाची पाटी. माल ठेवायला गोदाम लागतं. गाणं कोणतं, कधीचं, त्याचा आवाज कुठे ठेवलाय, ही सगळी माहिती सांभाळणारा डेटाबेस रात्रंदिवस चालू राहणाऱ्या मशीनवर हवा. रिसोडात तर फॉर्म भरता भरता लाईट जाते! तेव्हा कोणत्या तरी परदेशी कंपनीच्या मशीनवर जागा घेणं आलं.

धम्मरत्न व्हिडिओ पाहून पाहून हैराण झाला. एका ठिकाणी रिकामं मशीन भाड्याने मिळत होतं, पण त्याची निगराणी आपणच करायची. दुसऱ्या ठिकाणी सगळी उस्तवार कंपनीच करणार होती, फक्त महिन्याच्या महिन्याला पैसे कापायला परदेशात चालणारं कार्ड हवं होतं. याच्या बँकेचं कार्ड ते पान काही केल्या घेईना. तिसरी कंपनी म्हणत होती, या, बसा, डेटाबेस घ्या, गाणी ठेवायला जागा घ्या, कार्डबिर्ड काही नको, सगळं फुकट.

दुकानासमोरच शांतीलालजींचं कापडाचं दुकान. त्यांचा पियूष धम्मरत्नचा वर्गमित्र. त्याच्याकडे तसलं कार्ड होतं.

"अबे, मह्या कार्डावर घे ना," पियूष म्हणाला. "काकाचे गाणे हायेत. फुकटवाल्याच्या भरवशावर काहून ठेवतं?"

"पाहू," धम्मरत्न म्हणाला.

आपल्याकडे 'पाहू' म्हटलं की विषय संपतो. दर महिन्याला पियूषच्या कार्डावर आपलं ओझं पडणार, दर महिन्याला त्याच्यासमोर नजर खाली घालून उभं राहायचं, हे त्याला नको होतं. पियूषच्या मनात तसं काही नव्हतं हो! पण भीड आडवी आली. त्याने फुकटची जागा घेतली.

त्या जागेची एक अट होती, आणि ती त्याने नीट वाचली होती. आठवडाभर कोणी फिरकलंच नाही, तर कंपनी ती जागा झोपवणार. मालकाने येऊन बटण दाबलं की पुन्हा जागी. फार दिवस झोपूनच राहिली, तर माल काढून टाकणार. वाचून धम्मरत्नला हसूच आलं. आठवडाभर कोणी फिरकणार नाही? त्याचा बाप दिवसातून पन्नासदा फिरकत होता!

खरंच फिरकत होता. रिसोडच्या स्टँडवर जीप भरायची वाट पाहताना गोविंदा शेजारच्या अनोळखी माणसाच्या कानाशी मोबाईल धरायचा. "आयका. हा कोन हाये? मीच!" आपलाच आवाज आपण ऐकायचा आणि वर दादही द्यायचा. धम्मरत्नचा मोबाईल भरला, तेव्हा त्याने त्यातली मूळ गाणी पुसून टाकली. "बाबा, सगळे वर टाकले. आता मोबाईल इहिरीत पडला तरी गाणे जात नाई." गोविंदा म्हणाला, "तू म्हनतं तं बराबरच असन."

मग गोविंदाचा आवाज बसला. जागरणाने बसला असेल म्हणून हळद-दूध झालं, काढे झाले. तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटला नव्हता. वाशिमच्या डॉक्टरांनी नागपूरला धाडलं. नागपूरच्यांनी आत नळी घालून पाहिलं आणि स्वच्छ सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथूनच.

"मंग बोलता येईन?" गोविंदाने विचारलं. डॉक्टर कागदात पाहू लागले.

भागिरथा धाय मोकलून रडली. वॉर्डातल्या बाया तिला धरायला धावल्या. तेव्हा हा माणूस, ज्याचा दुसऱ्या दिवशी गळा कापायचा होता, तो घोगऱ्या आवाजात तिला समजावत होता. "येडी का काय तू? आवाज कुठी जाते? पोरानं वर ठेवला हाये ना. जवा आयकाचा तवा आयक." आणि त्याने धम्मरत्नकडे अशा विश्वासाने पाहिलं, की पोराला त्या घटकेला धन्य धन्य वाटलं.

ऑपरेशन झालं. मग रेडिएशनचे शेक सुरू झाले, ते संपता संपेनात. माय-लेक धर्मशाळेत राहिले. गोविंदाचा मोबाईल पिशवीत बंद पडून होता. गळ्याची आग, नाकातली नळी. कोणाला गाणं आठवणार? पार्टी मोडली होती, गावातले लोक सोंगणीला लागले होते. पानावर कोणीही फिरकलं नाही.

कंपनीचे ईमेल आले होते. तिचे रोजच यायचे. हे नवीन आलं, ते स्वस्त झालं, सगळी जाहिरातबाजी. त्यातच एक होता की तुमची जागा झोपली आहे. औषधांच्या रांगेत उभ्या उभ्या धम्मरत्नने तो वाचला. लॅपटॉप रिसोडला होता. झोपली तर झोपू दे, गेल्यावर उठवू, असं म्हणून त्याने मोबाईल खिशात टाकला. पुढचे ईमेल त्याने उघडलेच नाहीत. ती जागा इतके दिवस जागी होती ती फक्त बापाच्या बोटामुळे, आणि ते बोट आता सलाईनला बांधलं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. कोणाच्या आलं असतं?

घरी आले त्या दिवशी भागिरथाने बाज टाकून नवऱ्याला बसवलं, आणि गोविंदाने हात पुढे केला. मोबाईल. त्याने पान उघडलं. वर पार्टीचं नाव आलं, खाली एक गोल नुसता फिरत राहिला.

"नेट नाई बाबा," धम्मरत्न म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात लॅपटॉप उघडला. बटण नव्हतंच. मुदत संपली होती. त्याने कंपनीला लिहिलं, पुन्हा लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत हातापाया पडला. पहिलं उत्तर मशीननेच दिलं. मग कोणी माणूस भेटला, सभ्य होता बिचारा. डेटाबेसची जुनी प्रत त्यांच्याकडे शिल्लक होती, ती त्याने पाठवली. धम्मरत्नने ती उघडली तर सगळ्या गाण्यांची नावं जिथल्या तिथे! कोणी रचलं, गोविंदा. कोणी गायलं, गोविंदा. किती मिनिटांचं, तेही. फक्त आवाज नव्हते. आवाजाच्या फायली त्या प्रतीत धरत नाहीत, असं त्या माणसाने कळवलं आणि दिलगिरी व्यक्त केली.

पियूष शेजारी येऊन बसला होता. 'मी सांगतलं होतं' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, कोणी गाणी भरून घेतली होती का. कोणाचा मोबाईल बदलला होता, कोणाचं पुसलं गेलं होतं. एक व्हिडिओ सापडला. त्यात गोविंदा हात उंचावून गात होता, आणि ऐकू येत होता तो मागच्या डीजेचा धडधडाट.

घरी 'नेट नाई'चं पालुपद किती दिवस चालणार? शेजारचं पोरगं ओसरीत बसून मोबाईलवर क्रिकेट पाहत असे. गोविंदा त्या पोराकडे पाही, आपल्या मोबाईलकडे पाही, आणि मग पोटच्या पोराकडे. भागिरथा रोज विचारी, "आलं काय रे नेट? एक तरी लावून दे. घर खायाले उठते."

शेवटी एका सकाळी तो बापासमोर उकिडवा बसला.

"बाबा, गाणे गेले. सारेच. जागा म्याच पाह्यली होती, चूक माहीच हाये. आता ते वापस येत नाईत."

गोविंदाला आधी कळलंच नाही. त्याने बोट वर केलं, वर आहेत ना? धम्मरत्नने मान हलवली. वरही नाहीत.

गोविंदाचा राग सगळ्या पार्टीला ठाऊक होता. ढोलकीवाला चुकला तर भर कार्यक्रमात तो त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज उठवायचा, आणि पुढच्या कडव्याला सगळं विसरूनही जायचा. आता त्याचा चेहरा लाल झाला. तो बाजेवरून अर्धा उठला, हात उगारला, तोंड उघडलं. गळ्याच्या भोकावरचं फडकं फडफडलं. नुसती हवा. त्याने पुन्हा जोर लावला. ओठ भराभर हलत होते, आणि धम्मरत्नला त्यांतली एक न् एक शिवी ओळखू येत होती. तो मान खाली घालून तसाच बसला, ती कानावर पडायची वाट पाहत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बापाच्या शिव्या हव्या होत्या.

"द्या बाबा," तो रडत म्हणाला. "अजून द्या."

आत भागिरथा भाकरी थापत होती. बोलण्याची चाहूल लागून तिने चुलीपासूनच हाक दिली.

"काय म्हनून राह्यले रे ते?"

धम्मरत्नने बापाच्या ओठांकडे पाहिलं. ते अजून हलत होते.

"काई नाई माय," तो म्हणाला. "काईच आयकू येत नाई."