मालुबाईचे रविवारचे निरोप

देव्हाऱ्यातली भांडी परसातल्या नळाखाली पसरून मालुबाई चिंचेच्या कोळानं घासत बसली होती. ताम्हन झालं, निरांजन झालं, घंटा आणि तांब्या राहिला. तांब्याची एक बाजू उजळली होती, दुसरी अजून काळपटच होती, तेवढ्यात पुढचं दार वाजलं. सकाळचे साडेदहा. या वेळेला दार वाजवणारं घरचं कोण होतं? नवरा परशराम मागच्या खोलीत माग चालवत होता, मुलगा पुण्याला नोकरीला, आणि सलोमी तर सहालाच मैदानावर गेलेली. एक वाजायच्या आत ती कधी येत नसे.

पण आली ती सलोमीच. हॉकी स्टिकची लांब पिशवी खांद्यावर, तोंड उतरलेलं. एरवी उंबऱ्यातूनच "काकी, भूक!" म्हणून ओरडणारी पोरगी आज सरळ आतल्या खोलीत गेली. मालुबाईनं हात धुतले न धुतले आणि मागोमाग गेली. बघते तर सलोमीनं कॉटखालची ट्रंक ओढून काढलेली, आणि दोरीवरचे कपडे एकेक करून ती त्यात टाकत होती.

"काय गं, गावाला निघालीस व्हय? मॅच हाय कुठं?"

सलोमीनं मान वर केली नाही. दहा महिन्यांत मालुबाईकडूनच शिकलेल्या मराठीत ती म्हणाली, "यादीत मी न्हाय काकी. पुढच्या सालाला मला ठेवत न्हायत."

"आणि ते का म्हणून?"

"तू बोललीस म्हणून. ऑफिसात नीलम मॅडमनी तुझा आवाज लावला. कोच होते, डॉक्टर होते, सगळे होते. मी पण ऐकली."

मालुबाईच्या बोटांना चिंचेचा चिकटपणा अजून होता. ती बोटं तशीच पदराला पुसत उभी राहिली. मागच्या खोलीत माग खटखट करत होता.

सलोमी या घरात कशी आली, ते सांगायला हवं. घटप्रभा क्लब हा बाईमाणसांचा हॉकीचा संघ. खेळाडू लांबलांबच्या, झारखंडच्या, हरियाणाच्या, मणिपूरच्या. बेळगावात त्यांना ना भाषा कळे, ना इथलं तिखट सोसे. म्हणून क्लबनं पद्धत घातली होती की प्रत्येक नव्या मुलीला गावातलं एक घर द्यायचं. सिमकार्ड, बँक, दवाखाना, रिक्षा, हे क्लबनं बघायचं. जेवण, झोप आणि जीव लावायचं काम घरानं करायचं. क्लबकडून हे सगळं बघणाऱ्या नीलम मॅडम टिळकवाडीच्या. सुती साडी, गोड बोलणं. वडगावात विणकराच्या घरी आल्या तरी खुर्ची मागितली नाही, जमिनीवर मांडी घालून बसल्या, चहाबरोबरची लाडवाची वाटी रिकामी केली आणि म्हणाल्या, "काकू, एवढ्या लांबून येतात या पोरी. त्यांचं इथं माहेर म्हणजे आम्हीच. तुम्ही सांभाळा, आणि काय हवं नको ते आम्हाला कळवत चला. दर रविवारी मला एक व्हॉइस मेसेज टाकायचा. काय खाल्लं, झोपली का, रडली का, कुठं दुखतंय का. म्हणजे आम्हाला मदत करता येते."

माहेर हा शब्द मालुबाईच्या मनात खोल जाऊन बसला. त्याला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी ती संकेश्वरहून या घरात नांदायला आली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तापानं अंथरुणाला खिळली. सासूनं माहेरी कळवलं नाही. "लोकं म्हणतील, पोरगीला खायाला घालत न्हायत," असं म्हणून दोन महिने दडवलं. दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून भाऊ आला, तेव्हा बहिणीची काठी झालेली. दारातच तो मटकन बसला. तेव्हापासून मालुबाईनं मनाशी एक नेम धरला होता. दुसऱ्याची लेक आपल्या पदरात असली, तर तिचं दुखणं तिच्या माहेराला कळलंच पाहिजे. दडवणं म्हणजे पाप. सोमवार, चतुर्थी जशी ती मोडत नसे, तसाच हाही नेम.

सलोमीची खरी आई सिमडेग्याजवळच्या खेड्यात. तिला स्वतःचा फोन नाही, सलोमी शेजाऱ्यांच्या फोनवर तिच्याशी बोले; मालुबाईनं लावला असता तरी दोघींना एकमेकींची भाषा आली नसती. मग माहेर म्हणून उरल्या त्या नीलम मॅडम. दर रविवारी संध्याकाळचा दिवा लागला की मालुबाई मंगाईदेवीच्या फोटोपुढं हात जोडी, कट्ट्यावर बसे आणि फोन तोंडाजवळ धरून बोलू लागे. "नमस्कार नीलमताई, मी मालू बोलतो. पोरगी बरी हाय. पयल्या आठवड्यात मागाच्या आवाजानं झोपत नव्हती, आता लाईट जाऊन माग थांबला की जागी होते." कधी, "तिचा धाकटा भाऊ परीक्षेत नापास झाला म्हणून काल लई रडली. मी जवळ घिऊन बसलो." कधी, "शुक्रवारी त्यांच्या येशूचा उपास असतोय, मी साबुदाणा केलो तर हसायला लागली. त्यांच्यात चालतोय म्हणं काय पण, मटण सोडून."

परशराम मागावरून ओरडायचा, "एवढं भाषण देवापुढं केलं असतंस तर देव आजवर खाली उतरला असता की गं!"

"देवाला सांगायला लागत न्हाय. माणसाला सांगायला लागतंय," असं तिचं उत्तर तयार असे.

आणि मागच्या बुधवारी ते झालं. मागाच्या खोलीच्या पायरीवरून उतरताना सलोमीचा डावा पाय मुरगळला. घोटा लिंबाएवढा सुजला. मालुबाईनं आंबेहळद उगाळून कोमट लेप दिला, जुन्या धोतराची पट्टी बांधली. सलोमीनं तिचा हात घट्ट धरला. "काकी, कुणाला बोलू नको. मंगळवारी यादी लागणार. कोचला कळलं तर मी गेली. चार दिवसांत बरा होतोय हा."

"न्हाय सांगत गं कोचला," मालुबाई म्हणाली होती.

सूज खरंच उतरत आली. सलोमी पट्टी बांधून सरावालाही जाऊ लागली. पण रविवारी दिव्याच्या वेळेला मालुबाईच्या आत काहीतरी टोचू लागलं. दोन महिने दडवलेला तो ताप आठवला. उद्या पायाचं काही बरंवाईट झालं तर? कोचला सांगायचं नाही, हे खरं. पण माहेराला? माहेराला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं थोडंच असतं? तिनं फोन उचलला. "नीलमताई, कोचला कळू दिऊ नकासा, तुमाला म्हणून सांगतो. पोरगीचा पाय मुरगळलाय. येकदा डॉक्टरला दाखवून घेतलासा तर बरं हुईल." पाच मिनिटांत उत्तर आलं. "सांगितलंत ते फार बरं केलंत काकू. बघते मी." मालुबाईला हलकं वाटलं. सोमवारी दिवसभर तिचं लक्ष रस्त्याकडं होतं. क्लबची गाडी येईल, पोरीला दवाखान्यात नेतील. गाडी आली नाही. आला तो मंगळवार.

घासायची भांडी नळाखाली तशीच टाकून मालुबाईनं चपला घातल्या. परशराम माग थांबवून बाहेर आला. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय मालू. त्या पोरगीच्या नशिबाला तूच भेटायची व्हतीस?"

"मला बोला, हिच्याफुडं नको," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

क्लबचं ऑफिस थंडगार. भिंतीवर हसणाऱ्या खेळाडूंचे फोटो, त्यांच्याशेजारी त्यांना सांभाळणाऱ्या काकूंचे. मालुबाईचाही होता, सलोमीच्या गळ्यात हात टाकलेला. नीलम मॅडम उठून उभ्या राहिल्या. "या काकू, पाणी घ्या. तुम्हाला वाईट वाटलं असणार, मला कळतंय."

"पाणी र्‍हाऊ दे. पोरगीला डॉक्टरकडं न्हेलासा?"

"नाही, म्हणजे... यादी आजच लावायची होती. वेळ नव्हता."

"बघितला न्हाईसा, तपासला न्हाईसा, आणि काढून टाकलासा?"

नीलम मॅडमनी एक कागद पुढं ओढला. आवाज तसाच मऊ. "नुसत्या पायावरून कुणी काढत नाही काकू. प्रत्येक घरातून जे मेसेज येतात, त्यावरून आम्ही गुण देतो. झोप, खाणं, मन लागलंय का, दुखापत. मुलगी शहरात रुळली की नाही, हे बघावं लागतं. सलोमीचं तुम्हीच सांगितलंत ना, आधी झोप नव्हती, भावासाठी रडायची, शुक्रवारी जेवायची नाही."

मालुबाई त्या कागदाकडं बघत राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रकाने कळत होते. जीव लावून सांगितलेली एकेक गोष्ट तिथं जाऊन बसली होती. जवळ घेऊन बसलेली ती रात्रसुद्धा पोरीच्या विरोधात गेली होती. केसानं गळा कापणं ती आजवर नुसतं म्हणत आली होती. इथं केसही तिचेच होते.

"माहेर म्हणलासा की वो तुमी," ती हळूच म्हणाली. "माझ्या घरात बसून, लाडू खाऊन म्हणलासा."

नीलम मॅडम थोड्या गोंधळल्या. "अहो काकू, ती बोलायची पद्धत असते."

"आमच्यात नसती."

मग नीलम मॅडमनी विषय बदलला, आणि तोच मालुबाईला जास्त लागला. "सोमवारी हरियाणाची एक मुलगी येतेय. तुमच्याकडंच ठेवायचं ठरवलंय. खरं सांगू? सगळ्या घरांत तुमचेच मेसेज सविस्तर असतात. इतर बायका नुसतं 'सगळं ठीक' एवढंच टाकतात."

इतर बायका. मालुबाईला वाटलं, त्या बायकांना कुणी शिकवलं असेल गप्प बसायला? आपणच तेवढ्या देवभोळ्या, की आपणच तेवढ्या खुळ्या?

"माझं घर आता कुणाला मिळणार न्हाय," ती म्हणाली. "आणि भिंतीवरचा त्यो फोटो काढा. न्हायतर मी काढून न्हेतो."

तिनं वाट बघितली नाही. स्टुलावर चढून स्वतःच फोटो काढला. शिपाई बघत राहिला. फोटो पदराखाली धरून ती भर उन्हात बाहेर आली, आणि रिक्षात बसल्यावर मग तिचे डोळे भरून आले. नीलम मॅडमवरचा राग होताच. पण त्यापेक्षा मोठं दुसरं होतं. तिच्याशी खोटं वागला तो क्लब; सलोमीशी खोटं वागलं ते कोण?

घरी सलोमी कॉटवर बसलेली होती, ट्रंकेला कुलूप लावून. जेवणाचं ताट परशरामनं तिच्यापुढं आणून ठेवलेलं, त्याला हात लागलेला नव्हता. मालुबाई जमिनीवर बसली, तिच्या पायाशी.

"चुकलं गं माझं."

सलोमी खिडकीबाहेर बघत होती. "मी मांला पण न्हाय सांगितली, पाय मुरगळला म्हणून. तुला सांगितली."

मालुबाईनं गार झालेलं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आता कुठं जाणार?"

"गुरुवारी गाडी. राउरकेलाला एक संघ आहे, ट्रायल घेतात. पण घटप्रभानं लिहून दिलंय, पायाला दुखापत. ते विचारणार."

"मग दाखवू की डॉक्टरला. पायाचा एक्सरे काढू, कागद घिऊ. पाय चांगला हाय म्हणून लिहून दिलं की कुणाच्या बापाची टाप हाय?"

सलोमीनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. दहा महिने ज्या डोळ्यांनी ती "काकी, भूक" म्हणायची, ते डोळे आज दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे होते. "येते मी," ती म्हणाली. "पण डॉक्टरकडं आत मी एकटी जाणार. काय बोलले ते तुला न्हाय सांगणार."

"नको सांगू."

"कागद पण मी ठेवणार."

"ठेव."

दारात उभा असलेला परशराम काहीतरी म्हणायला गेला. मालुबाईनं मान हलवून त्याला गप्प केलं. तिनं पायपट्टीकडं हात नेला, मग मागं घेतला. आता विचारल्याशिवाय त्या पायाला हात लावायचा नाही, एवढं तिला कळलं होतं.

हाडांचे डॉक्टर संध्याकाळी पाचला बसत, पण नंबर तीनपासूनच लागत, आणि उशीर झाला की आठ वाजले तरी आत बोलावणं येत नसे. घड्याळात पावणेतीन झाले होते. मालुबाई उठली, तोंडावर पाणी मारलं, आणि सलोमीच्या नावानं नंबर लावायला दवाखान्याकडं निघाली.